निळ्या पुठ्ठ्याचा मास्तर

इंग्रजीत रंग या अर्थाचा 'कलर' हा शब्द लिहिताना शेवटच्या 'आर'च्या आधी 'यू' घालायचा की नाही, यावरून आमच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीत मध्यंतरी चांगलीच चकमक उडाली. सहावीतल्या एका मुलीने 'यू' गाळला. शाळेतल्या बाईंनी त्या जागी लाल शाईचा गोल काढला आणि अर्धा गुण कापला. मुलीचे वडील संगणकाच्या व्यवसायातले. आपण दिवसभर कामावर जे लिहितो त्यात 'यू' घातला तर यंत्र रंगच दाखवत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते खरेही आहे. संगणकावरची पाने रंगवण्याची जी आज्ञांची भाषा जगभर चालते, तिच्यात 'कलर' 'यू'वाचून लिहावा लागतो आणि 'सेंटर'च्या शेवटी आधी 'ई', मग 'आर' येतो. उलट मुलीच्या आजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या. 'यू' गाळणे त्यांना कपाळावरचे कुंकू पुसण्यासारखे वाटले! मी या गावात पस्तीस वर्षे इंग्रजी शिकवले, त्यामुळे खटला माझ्यापुढे आला.

परीक्षेपुरते बाईंचे खरे आणि यंत्रापुरते बाबांचे खरे, असा मिळमिळीत निकाल मी दिला. पण त्या मुलीने विचारलेला प्रश्न दोन्ही वकिलांपेक्षा वजनदार होता. हा 'यू' काढला कोणी, एवढेच तिला हवे होते.

भाषेतल्या बदलांना सहसा आईबाप सापडत नाहीत. कोणी कधी 'येतो आहे'चे 'येतोय' केले, सांगता येईल का? या बदलाचा बाप मात्र नावगावासह ठाऊक आहे. तो होता एक खेड्यातला शाळामास्तर. नाव नोआ वेबस्टर. कोशाच्या पाठीवर त्याचे नाव आपण हजारदा वाचले असेल, पण त्या नावाचा एक हाडामांसाचा, हट्टी, भांडखोर आणि अफाट कष्टाळू माणूस होऊन गेला, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

वेबस्टरचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ चा. अमेरिकेच्या कनेटिकट प्रांतातल्या वेस्ट हार्टफर्डचा. तो प्रांत तेव्हा इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली होता. बाप शेतकरी. पोराला पुस्तकांचे वेड आहे हे पाहून त्याने शेत गहाण टाकले आणि त्याला येल महाविद्यालयात घातले. आपल्याकडे निफाड-सिन्नरच्या कितीतरी घरांत हीच कथा वेगळ्या नावांनी घडली आहे. नोआ येलमध्ये गेला १७७४ साली आणि दुसऱ्याच वर्षी इंग्लंडविरुद्ध युद्ध पेटले. १७७८ मध्ये तो पदवी घेऊन घरी आला, तेव्हा बापाकडे देण्यासारखे काही उरले नव्हते. आठ डॉलरची एक नोट त्याने मुलाच्या हातावर ठेवली आणि यापुढे तुझे तू बघ, असे सांगितले. युद्धकाळातल्या त्या कागदी चलनाची किंमत रोज घसरत होती, त्यामुळे ते आठही खरे आठ नव्हते. पोरगा खोलीत कोंडून घेऊन पुस्तक वाचत बसला. पुस्तक होते इंग्लंडच्या डॉक्टर जॉन्सनचे. पुढे आयुष्यभर ज्याच्या कोशाशी झुंजायचे, त्याच्याच निबंधांनी पहिला धीर दिला!

वकिलीची परीक्षा तो १७८१ मध्ये पास झाला, पण युद्धाच्या दिवसांत अशील कुठून यायचे? म्हणून मास्तरकी. १७८२ साली न्यूयॉर्क प्रांतातल्या गोशेन नावाच्या गावी तो शिकवू लागला. मुलांपुढे पुस्तक होते टॉमस डिलवर्थ या इंग्रज पंतोजीचे. त्यात इंग्लंडमधल्या गावांची नावे पाठ करायची, जी या मुलांनी पाहिली नव्हती आणि पाहणारही नव्हती. शिवाय 'नेशन' हा शब्द 'ने-शि-ऑन' असा तीन तुकड्यांत फोडायचा. जगात असा उच्चार करणारे कोणी उरले नव्हते, पण पुस्तकात होते म्हणून मुले घोकत होती. शिकवण्याचा धंदा केलेल्या माणसाला यातला वैताग सांगावा लागत नाही.

वेबस्टरने स्वतःच पुस्तक लिहिले. १७८३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी इंग्लंडने अमेरिकेचे स्वातंत्र्य तहात मान्य केले त्याच वर्षी, हार्टफर्डला ते छापले गेले. शब्द कानाला जसे ऐकू येतात तसे त्याने फोडले, सोप्याकडून अवघडाकडे पायऱ्या लावल्या, इंग्लंडची गावे काढून अमेरिकेची घातली. पुढे पुस्तकाला निळ्या कागदाचे पुठ्ठे आले आणि निळ्या पाठीचे पुस्तक म्हणूनच ते घरोघर ओळखले जाऊ लागले. आपल्याकडे नुसते तर्खडकर म्हटले की पुस्तक समजते, तसेच. फरक इतकाच की तर्खडकरांनी आपल्याला परक्यांची भाषा शिकवली आणि वेबस्टरने त्याच्या लोकांना त्यांची स्वतःचीच भाषा, पण स्वतःची म्हणून शिकवली. त्याच्या हयातीतच त्या पुस्तकाचा खप कोटीच्या वर गेला. एवढ्या खपाने तो श्रीमंत मात्र झाला नाही. सुरुवातीला हाताशी पैसे हवेत म्हणून त्याने छापण्याचे हक्क ठोक रकमेला विकले. ते किती मोलाचे आहेत हे काळाने सांगितले, पण पैसे दुसऱ्यांच्या पेटीत गेल्यावर.

लेखकाच्या हक्काचा कायदा तेव्हा साऱ्या देशासाठी असा नव्हताच. कोणीही कोणाचे पुस्तक छापावे. मग हा मास्तर घोड्यावरून, गाडीतून, गलबतातून एकेका राज्याच्या राजधानीत जाऊन आमदारांच्या पायऱ्या झिजवू लागला. या भटकंतीत १७८५ मध्ये तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरी पाहुणा होता. फिरताना त्याने एक विचित्र छंद जोपासला होता. ज्या गावी जाई तिथली घरे तो मोजून वहीत टिपून ठेवी. गावकरी काय म्हणत असतील कोण जाणे, पण घरे मोजणारा हा माणूसच पुढे शब्द मोजायला बसला, हे मला अगदी सुसंगत वाटते.

आता 'यू'कडे येऊ. गंमत अशी की १७८३ च्या पहिल्या पुस्तकात 'यू' शाबूत होता. इतकेच काय, तो गाळणाऱ्यांबद्दल वेबस्टरने नाराजी दाखवली होती. त्याचे मन फिरले ते १७८६ नंतर, बेंजामिन फ्रँकलिनच्या सहवासात. फ्रँकलिन तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. त्याने वीसेक वर्षांपूर्वी नवी अक्षरे घालून एक उच्चारानुसारी लिपी रचली होती आणि ती कोणीतरी पुढे न्यावी अशी त्याची इच्छा होती. लिपीच बदलणे वेबस्टरला पेलणारे वाटले नाही, पण बीज रुजले. १७८९ मध्ये त्याने इंग्रजी भाषेवरचे आपले निबंध फ्रँकलिनला अर्पण केले. त्यात मागणी अशी की, न बोलले जाणारे अक्षर लिहायचे कशाला? देश वेगळा झाला, झेंडा वेगळा झाला, मग लेखन परक्या राजधानीच्या तालावर का? नवस्वतंत्र देशातला तिशीतला तरुण होता, त्याच्या रक्तात तेव्हा हे असणारच.

मग त्याने जे काही केले ते पाहून मित्रांनीही डोक्याला हात लावला. जीभ या अर्थाचा 'टंग' त्याने 'टी-यू-एन-जी' असा सुटसुटीत केला. बायका या अर्थाचा 'विमेन' ऐकू येतो तसा 'डब्ल्यू-आय'ने लिहिला. १७९० चा एक निबंधसंग्रह तर त्याने अशा लेखनाने भरून टाकला की टीकाकारांची वर्षभराची सोय झाली. हे काही टिकले नाही.

इथे नाशिककराला आपल्या जिल्ह्यातल्या भगूरची आठवण होते. सावरकरांनी घडवलेले 'दिनांक' आणि 'महापौर' आज आपण सहज वापरतो. त्यांची 'अ'ची बाराखडी मात्र, म्हणजे 'इ'ऐवजी 'अि' आणि 'उ'ऐवजी 'अु', काही नियतकालिकांनी काही काळ चालवली आणि ती मागे पडली. नवा शब्द माणूस पाहुण्यासारखा घरात घेतो. जुन्या शब्दाचा चेहरा बदलला की मात्र त्याला आपलेच माणूस ओळखू येत नाहीसे होते. थोडा बदल खपतो, पूर्ण खपत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, तेव्हा 'केलें' आणि 'नाहीं' यांवरची टिंबे गेली. माझे वडील अखेरपर्यंत ती टिंबे देत राहिले. टिंबाशिवाय वाक्य उघडे दिसते, असे त्यांना वाटे. आज ती टिंबे पाहिली की माझ्या विद्यार्थ्यांना छपाईची चूक वाटते. एका पिढीची शुद्धता दुसऱ्या पिढीची अशुद्धता व्हायला फार वर्षे लागत नाहीत.

वेबस्टरने हा धडा हळूहळू गिरवला. १७८९ मध्ये रिबेका ग्रीनलीफशी लग्न झाले, पुढे आठ मुले झाली. १७९३ मध्ये तो न्यूयॉर्कला एक दैनिक काढून बसला. राजकारणाच्या चिखलफेकीला कंटाळून १७९८ मध्ये न्यू हेवनला परतला आणि राहायला घर घेतले ते बेनेडिक्ट अर्नोल्डचे, म्हणजे अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वांत कुप्रसिद्ध फितुराचे! तिथे १८०६ मध्ये त्याचा पहिला कोश निघाला, सुमारे सदतीस हजार शब्दांचा. त्यात 'म्युझिक' आणि 'पब्लिक' यांच्या शेपटीचा 'के' गेला. 'ऑनर', 'कलर' यांच्यातला 'यू' गेला. 'सेंटर', 'थिएटर' यांच्या शेवटच्या दोन अक्षरांनी जागा बदलल्या. 'डिफेन्स'मध्ये 'सी'च्या जागी 'एस' आला. हेच टिकले, कारण शब्द ओळखीचाच राहिला.

आता आजींच्या बाजूचा पुरावाही पाहायला हवा, आणि तो त्यांना फारसा सोयीचा नाही. इंग्लंडमध्ये शेक्सपिअरच्या काळी 'यू'सह आणि 'यू'विना दोन्ही लेखने शेजारी शेजारी नांदत होती. १७५५ मध्ये डॉक्टर जॉन्सनने कोश केला आणि 'यू'च्या पारड्यात वजन टाकले. त्याच जॉन्सनने 'म्युझिक'च्या शेवटी 'के'ही ठेवला होता. तो 'के' इंग्रजांनी स्वतःच सोडून दिला. आजी तरी कुठे लिहितात? तुरुंग या अर्थाच्या 'जेल'चे जुने इंग्रजी लेखन 'जी'ने सुरू होई आणि वाचणाऱ्याला हमखास फसवी. वेबस्टरला 'जे'चे सरळ लेखन पसंत होते. आता इंग्लंडातही तेच रुळले आहे. कार्यक्रम या अर्थाच्या 'प्रोग्रॅम'ची तऱ्हा तर उलटीच. त्याच्या शेवटचे 'एम-ई' हे फ्रेंचांच्या नादाने एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी वाढवलेले आहे. अमेरिकन लेखन हे जुने इंग्रजी लेखन! तेव्हा मूळ इंग्रजी तिकडची आणि बिघडलेली इकडची, हा आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला समज तपासून घ्यायला हरकत नाही. आपण एका कोशकाराची निवड पाळतो, ते दुसऱ्याची. आपण पहिल्याची पाळतो, कारण आपल्यावर राज्य त्याच्या लोकांनी केले.

बोलण्यातल्या फरकांना मात्र कोणी वेबस्टर लागला नाही. तळमजल्याच्या वर पहिला मजला ही आपली मोजणी इंग्रजांसारखी. अमेरिकेत जमिनीलगतचाच पहिला. लेकीकडे प्रथमच न्यू जर्सीला गेलेले आमचे एक स्नेही दुसऱ्या मजल्याचा पत्ता घेऊन जिना शोधत तिसऱ्यावर पोचले होते. तारखेत ते महिना आधी लिहितात, त्यामुळे पाच जून की सहा मे, याचा उलगडा होईपर्यंत माणूस विमानतळावर ताटकळतो. पेट्रोलला ते गॅस म्हणतात आणि लिफ्टला एलेव्हेटर. शेवटच्या अक्षराला आपण झेड म्हणतो आणि ते झी. पण १९९२ मध्ये 'झी' नावाची वाहिनी घरात आली, तेव्हा तिला झेड म्हणावे असे एकाही मराठी घराला वाटले नाही. आपल्या जिभेवर दोन्ही देश एकत्र नांदतात.

छोट्या कोशाने वेबस्टरचे समाधान झाले नाही. त्याने मोठा कोश हाती घेतला आणि त्याला वीसहून अधिक वर्षे लागली. पैसे पुरेनात म्हणून १८१२ मध्ये बिऱ्हाड अ‍ॅमहर्स्ट या स्वस्त गावी हलवले. अर्धवर्तुळाकार मोठे टेबल, त्यावर निरनिराळ्या भाषांचे कोश मांडलेले, आणि हा माणूस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत एकेक शब्द तपासतोय, असे त्याचे दिवस जात. वीसेक भाषांत त्याने डोके घातले. संस्कृतही त्यांत होती.

आणि नेमके इथेच त्याचे पाऊल चुकले. कलकत्त्यात सर विल्यम जोन्सने १७८६ मध्येच संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे एकच मूळ असल्याचे मांडले होते. जर्मनीत त्यावर शास्त्र उभे राहत होते. वेबस्टर बायबलवर अक्षरशः श्रद्धा ठेवणारा झाला होता. साऱ्या भाषा बाबेलच्या मनोऱ्यापाशी फुटल्या आणि त्याआधीची मूळ भाषा खाल्डियन, या समजुतीवर त्याने व्युत्पत्ती रचल्या. इतकी वर्षे त्या टेबलाभोवती फिरून त्यातल्या पुष्कळशा फोल ठरल्या. अर्थ सांगण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शब्दाची व्याख्या नेमकी, आखीव आणि साध्या माणसाला कळेल अशी. मला विचाराल तर त्याची खरी थोरवी 'यू' काढण्यात नसून या व्याख्यांत आहे.

कोश पुरा करण्यासाठी तो १८२४ मध्ये मुलाला घेऊन पॅरिसला आणि तिथून इंग्लंडला गेला. जानेवारी १८२५ मध्ये शेवटचा शब्द लिहिताना त्याचा हात थरथरू लागला, लेखणी स्थिर धरवेना. खोलीत थोडा वेळ येरझाऱ्या घातल्यावर तो सावरला. अमेरिकन भाषेचा हा जाहीरनामा पुरा झाला तो इंग्लंडातल्या केंब्रिज गावात! १८२८ मध्ये दोन खंडांत तो निघाला. सत्तर हजार शब्द, अडीच हजार प्रती, किंमत वीस डॉलर. कर्ता सत्तर वर्षांचा.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८३१ मध्ये, मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापला गेला. मोल्सवर्थ आणि त्याचे सोबती कँडी बंधू इंग्रजी पलटणीतले अधिकारी. त्यांच्या हाताखाली शास्त्रीमंडळी शब्द गोळा करीत होती. काम इतके उत्तम की आजही त्यावाचून आपले अडते. पण दोन तारखा शेजारी ठेवल्या की मन अस्वस्थ होते. तिकडे एक शेतकऱ्याचा पोर राज्यकर्त्यांच्या कोशातून आपली भाषा सोडवून घेत होता. त्याच सुमारास इकडे कुठला मराठी शब्द चांगला आणि कुठला गावंढळ, याचा शेवटचा शेरा राज्यकर्त्यांच्या अधिकाऱ्याच्या हातून पडत होता. पाठ्यपुस्तकांतल्या मराठीवर पुढे मेजर टॉमस कँडीची अशीच दीर्घकाळ देखरेख राहिली. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये आले, हा त्यातला दिलासा.

उतारवयात वेबस्टर चिडका झाला. तरुणपणी राजाविरुद्ध उठलेला हा माणूस आता सामान्यांच्या मताधिकारावरच संशय घेऊ लागला. मतदानाचे वय पंचेचाळीस करावे, इथवर त्याची मजल गेली. १८३०-३१ च्या हिवाळ्यात मात्र तो पुन्हा लेखकांच्या हक्कासाठी वॉशिंग्टनला जाऊन बसला. अध्यक्ष जॅक्सनच्या पंक्तीला जेवला आणि हक्काची मुदत चौदा वर्षांवरून अठ्ठावीस करून घेऊनच परतला.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय ज्या वर्षी स्थापन झाले त्या १८४० साली, ब्याऐंशीच्या घरातला वेबस्टर न्यू हेवनमध्ये कोशाची दुसरी आवृत्ती काढण्याच्या खटपटीत होता. पैसे नव्हते. त्याने राहते घर गहाण टाकले. बापाने शेत गहाण टाकून शिकवले, मुलाने घर गहाण टाकून कोश छापला. १८४१ मध्ये पुरी झालेली ती आवृत्ती फारशी खपली नाही. २८ मे १८४३ रोजी तो गेला.

न खपलेल्या प्रती आणि पुढचे हक्क स्प्रिंगफिल्डच्या मेरियम बंधूंनी विकत घेतले. त्यांनी १८४७ मध्ये कोश एका खंडात आणून किंमत सहा डॉलरवर उतरवली, आणि मग तो घराघरांत शिरला. १८६४ च्या आवृत्तीसाठी त्यांनी कार्ल मान या जर्मन पंडिताकडून साऱ्या व्युत्पत्ती नव्याने लिहवून घेतल्या. बाबेलचा मनोरा कोशातून नाहीसा झाला, संस्कृतला तिची योग्य जागा मिळाली. 'यू' नव्हता तो नव्हताच.

मेरियम मंडळींना पुढे एका गोष्टीने मात्र फार छळले. मूळ कोशाच्या हक्काची मुदत संपली आणि वेबस्टर हे नाव तिकडच्या न्यायालयांनी सर्वांसाठी मोकळे ठरवले. कोणत्याही प्रकाशकाने कोणताही कोश छापावा आणि त्यावर वेबस्टर लिहावे. लेखकाच्या हक्कासाठी राज्याराज्यांतून पायपीट केलेल्या माणसाचे नाव असे बेवारस झाले. आमच्या सोसायटीतल्या त्या मुलीला मी नंतर मेनरोडच्या फुटपाथवरून एक जाडजूड वेबस्टर घेऊन दिला. मुखपृष्ठावर नाव सोनेरी अक्षरांत होते. आत नोआचा मागमूस नव्हता आणि 'कलर'मध्ये 'यू' होता.